पानांखालचा पाऊस



साहित्य संस्थेच्या व्याख्यानमालेत खताचा विषय कशाला, असा प्रश्न पत्रिका वाचून काही जणांना पडला असेल. विषय कळवला तेव्हा कार्यवाहांनीही दोनदा फोन करून खात्री करून घेतली. विषय तोच आहे: जंगलावर आकाशातून नत्र किती पडतं आणि ते मोजायचं कसं. पण हा विषय शेवटी पावसाचा आहे, आणि पावसाबद्दल बोलायला साहित्याच्या मंडळींइतके हक्काचे श्रोते दुसरीकडे कुठे मिळणार?

आपल्या भाषेनं पाऊस फार बारकाईनं पाहिला आहे. वळीव वेगळा, मृग वेगळा. पुनर्वसूचा तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. झड वेगळी, सर वेगळी, रिपरिप वेगळी. किती वेळ पडला, किती जोरात पडला, कुणाच्या शेतावर पडला आणि कुणाला चुकवून गेला, याला शब्द आहेत. थेंबाबरोबर काय विरघळून आलं, याला मात्र शब्द नाही. तरी जुनी माणसं एक गोष्ट सांगत. पावसाचं पाणी पिकाला जसं मानवतं तसं विहिरीचं मानवत नाही. आपल्या अनगोळ-येळ्ळूर-वडगावच्या शिवारात बासमती पिकवणाऱ्यांना हे कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. वळवाचे दोन चांगले पाऊस झाले की बांधावरचं गवत कसं काळपट हिरवं होतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याची कारणं दोन-चार आहेत. त्यातलं एक नत्र.

नत्र म्हणजे नायट्रोजन. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश असं छापलेलं असतं, त्यातला पहिला. हवेत तो ७८ टक्के आहे; पण हवेतला हा नत्र झाडाच्या काही कामाचा नाही. त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला ते सोडवता येत नाहीत. वीज चमकली की थोडे सुटतात. डाळीच्या पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू सोडवतात. आणि १९०९ साली फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं दाब आणि उष्णता देऊन ते सोडवून दाखवले. १९१३ साली ओपाऊ इथं त्याचा कारखानाच सुरू झाला. युरियाचं प्रत्येक पोतं त्या कारखान्याचं नातवंड आहे. आज एकट्या भारतातली शेतं वर्षाला दोन कोटी टनांच्या आसपास खताचा नत्र घेतात.

घेतात म्हणजे काय, आपण टाकतो. पीक त्यातला काही भाग घेतं. उरलेल्यातला काही पाण्याबरोबर ओढ्याला जातो, काही अमोनिया होऊन हवेत उडतो. गोठ्यात पहाटे शिरलं की नाकाला झोंबतो तो हाच अमोनिया. धनगरांची मेंढरं रात्रभर शेतात बसवली की सकाळी वाफशाबरोबर तोच उठतो. दुसरा वाटा धुराचा. इंजिनाच्या आणि भट्टीच्या उष्णतेत हवेतलाच नत्र जळून त्याची ऑक्साइडं होतात आणि पुढे त्यांचं नायट्रेट. म्हणजे गोठा आणि हमरस्ता, दोघांचंही देणं शेवटी हवेत जमा होतं. वर गेलेलं खाली येतं, एवढं तर आपल्याला ठाऊकच आहे. प्रश्न असा, की किती आणि कुठे.

'किती' या प्रश्नावर १९व्या शतकात मोठं भांडण झालं. युस्टुस लीबिग हा त्या काळचा रसायनशास्त्राचा महर्षी. त्याचं म्हणणं, पिकाला लागणारा अमोनिया पावसातून पुरेसा मिळतो. शेतकऱ्यानं फक्त राखेतली खनिजं घालावीत. इंग्लंडात रॉथमस्टेड इथं जॉन लॉज आणि जोसेफ गिल्बर्ट यांना हे पटेना. लीबिगशी वाद घालण्यापेक्षा त्यांनी १८५३ साली पाऊस धरायला एक भलंमोठं पात्र बांधलं. बरोबर एक हजारांश एकराचं, म्हणजे साडेत्रेचाळीस चौरस फुटांचं. त्यात पडलेल्या पाण्यातला अमोनिया ते मोजत राहिले. उत्तर आलं, एकराला वर्षाकाठी अवघे काही पौंड. गव्हाला ते कुठलं पुरणार? लीबिगचा दावा पावसाच्या पाण्यात वाहून गेला. मला या कथेत आवडतं ते हे, की वाद पात्रानं मिटवला आणि ते पात्र त्यानंतरही वापरात राहिलं.

हा हिशेब कसा करतात ते आपल्या गुंठ्यात मांडून बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. गुंठा म्हणजे तेहतीस फूट गुणिले तेहतीस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. त्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला की १०१ लिटर पाणी झालं. बेळगावात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पडतो. म्हणजे गुंठ्यावर एक लाख तीस हजार लिटरच्या वर. आता समजा, त्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅम नत्र आहे. चिमूटही नाही, चिमटीला लागलेली धूळ म्हणा. तरी गुंठ्याला १३० ग्रॅम होतो, एकराला पाच किलोच्या वर, हेक्टरी १३ किलो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात साधारण पावणेएकवीस किलो नत्र असतो. म्हणजे एकरावर पाव पोतं युरिया कुणी न सांगता, न विचारता टाकून गेलं. भाताच्या शेताला हे पाव पोतं जाणवणारही नाही. पण जंगलाला कुणी कधी खत घालत नाही. जंगल हजारो वर्षं नत्राच्या उपाशीपोटी संसार करायला शिकलेलं असतं. त्याच्यासाठी हे पाव पोतं फार मोठी गोष्ट आहे.

आणि जंगलावर ते पाव पोतं राहत नाही, त्याहून जास्त होतं. आजच्या विषयाचं मर्म इथं आहे.

उघड्यावर ठेवलेल्या बाटलीत फक्त वरून पडणारं पडतं. झाड मात्र वाऱ्याच्या वाटेत उभं असतं. हवेतला अमोनिया, धूळ, धूर, धुकं पानांवर येऊन बसतं. पाऊस आला की ते धुऊन खाली येतं. धुक्याच्या थेंबात तर नत्र पावसाच्या थेंबाहून कैक पटीनं दाट असू शकतो. झाड म्हणजे आकाशात उभी केलेली गाळणी. ही गाळणी सगळ्यात बारीक विणीची असते ती सूचिपर्णी झाडांची: पाइन, स्प्रूस, फर, आपल्याकडच्या हिमालयातले चीड आणि देवदार. पान सुईसारखं बारीक, सुया लाखांनी, आणि बहुतेक जातींत थंडीतही त्या गळत नाहीत. रुंद पानांची झाडं हिवाळ्यात उघडी पडतात तेव्हाही ही झाडं हवा गाळतच असतात. शेजारी-शेजारी दोन जंगलं, एक पानगळीचं, एक सुयांचं. सुयांच्या जंगलाखाली नत्र ठळकपणे जास्त उतरतो असं युरोपातल्या मोजमापांतून वारंवार दिसलं आहे.

(सूचिपर्णी म्हटल्यावर काहींच्या मनात सुरूची झाडं आली असतील. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचा सुरू लांबून पाइनसारखाच दिसतो, पण तो त्या कुळातला नाही. गंमत अशी, की सुरूच्या मुळांवर गाठी असतात आणि तो आपला नत्र आपणच कमावतो. खरा सूचिपर्णी पाहायचा तर अंगणातली मोरपंखी पाहा. दक्षिण भारताच्या जंगलात मूळचा असा शंकूवृक्ष एकच आहे आणि तोही खाली, दक्षिणेकडच्या घाटांत. कोडईकनालचे पाइन हे लावलेले.)

तेव्हा जंगलावर काय पडतं हे कळायला बाटली झाडाखाली ठेवावी लागते. पानांतून, फांद्यांतून पाझरून जे पाणी खाली येतं, त्याला आपण झाडाच्या पागोळ्या म्हणू. सांगायला सोपं आहे, पण करताना किती भानगडी होतात ते ऐका. मला स्वतःला या विषयातला हाच भाग सगळ्यात आवडतो.

पहिली भानगड जागेची. घराच्या पागोळ्या जशा ठरल्या जागी पडतात, तशाच झाडाच्याही. एका फांदीच्या टोकाखाली धार लागते, हातभर अंतरावर जमीन कोरडी. एकच बाटली ठेवली तर उत्तर नशिबावर. म्हणून एका छोट्या वाडीत वीस-तीस नरसाळी मांडतात, किंवा लांब पन्हळी टाकतात, आणि सगळ्यांची सरासरी काढतात. ज्या झाडांच्या बुंध्यावरून पाणी ओघळतं त्यांना कमरेइतक्या उंचीवर रबरी पट्टा गुंडाळून ते पाणी वेगळं धरतात.

दुसरी भानगड जिवंत गोष्टींची. नत्र हे सगळ्यांचं अन्न. बाटलीवर ऊन पडलं की शेवाळ धरतं आणि मोजायचा नत्र शेवाळच खाऊन टाकतं. म्हणून बाटली काळ्या कागदात गुंडाळायची किंवा जमिनीत पुरायची. जिवाणू थोपवायला त्यात थायमॉल टाकतात. हे नाव परकं वाटेल; वस्तू घरची आहे. ओव्याची फुलं म्हणून जे खडे मिळतात, जे अमृतधारेत कापूर आणि पुदिन्याच्या सत्त्वाबरोबर असतात, तेच थायमॉल. उष्ण प्रदेशातल्या पावसाच्या नमुन्यांना ते फार उपयोगी पडतं, कारण आपल्याकडे बाटली आठवडाभर उन्हाळ्यात उभी असते.

तिसरी भानगड पक्ष्यांची. नरसाळ्याची कड ही कावळ्या-साळुंकीला बसायला उत्तम जागा. एक शीट पडली की त्या बाटलीत महिन्याभराचा नत्र. म्हणून कडेपासून थोडं वर तारेचं एक कडं बसवतात. पक्षी बसलाच तर कड्यावर बसतो आणि शीट बाहेर पडते. तरी चुकून पडलीच, तर प्रयोगशाळेत स्फुरदाचं प्रमाण पाहतात. पावसात स्फुरद जेमतेम असतो. तो एकाएकी वाढलेला दिसला की ती बाटली बाद. चोर पकडायची ही रीत मला फार मराठी वाटते. चोरी एका खोलीत आणि पाऊलखुणा दुसऱ्या खोलीत.

या झाल्या हातच्या भानगडी. खरी अवघड गोष्ट पुढे आहे. झाड नत्र नुसता गाळत नाही, वाटेत थोडा खातोसुद्धा. सुया आणि सालीवरचं शेवाळ ओल्या पावसातूनच अमोनियम शोषून घेतात. मग खाली बाटलीत सापडलेला नत्र हा जंगलावर पडलेल्या नत्रापेक्षा कमी. किती कमी? यासाठी शास्त्रज्ञांनी एक साक्षीदार शोधला: सोडियम, म्हणजे मिठातला सोडियम. झाडाला त्याची गरज जवळजवळ नसते. ते तो घेतही नाही, फारसा सोडतही नाही. तेव्हा उघड्यावरच्या बाटलीपेक्षा झाडाखालच्या बाटलीत सोडियम जितक्या पटीनं जास्त, तितक्या पटीनं कोरडी धूळ झाडानं गाळली, असं धरतात. तोच हिशेब नत्राच्या कणांना लावतात आणि मग कुठे झाडानं किती खाल्लं याचा अंदाज येतो. जर्मनीत सोलिंगच्या जंगलात बर्नहार्ड उलरिख यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत मांडली. आपल्याकडे ती वापरायची तर साक्षीदार आयताच आहे. अरबी समुद्र इथून शंभरेक किलोमीटरवर. पावसाळ्यात घाट चढून येणाऱ्या प्रत्येक ढगात त्याचं मीठ असतं.

हा अंदाजच आहे, हे लक्षात ठेवा. अमोनिया वायूचा वाटा त्यात नीट सापडत नाही. त्यासाठी झाडांत लहानशा नळ्या टांगतात. आत लिंबूसत्त्व लावलेला कागद. अमोनिया आंबटाला चिकटतो. महिन्यानं कागद धुऊन मोजतात.

दर आठवड्याला डोंगरात जाऊन वीस बाटल्या उतरवायला माणूस कुठून आणायचा, हा प्रश्न अमेरिकेतही पडला. लॉस एंजेलिसच्या धुराखाली सॅन बर्नार्डिनो नावाचे डोंगर आहेत, पाइनच्या रानानं भरलेले. तिथं अमेरिकी वनखात्याच्या मार्क फेन यांनी नरसाळ्याखाली बाटलीऐवजी एक नळी बसवली. नळीत राळेचे बारीक मणी. ही राळ धुपाची नव्हे. आपल्या उद्यमबागेत बॅटरीचं पाणी करतात ना, त्या यंत्रात पाण्यातले क्षार धरून ठेवणारे मणी असतात, तेच. पाणी नळीतून खाली निघून जातं, नत्र मण्यांना चिकटून राहतो. सहा महिन्यांनी नळी काढायची, क्षाराच्या दाट पाण्यानं मणी धुवायचे आणि त्या धुवणात मोजायचं. २००४ साली त्यांनी ही पद्धत तपासून प्रसिद्ध केली. वर्षातून दोन फेऱ्यांत काम भागतं. गरीब देशांसाठी याहून सोयीची युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं कशासाठी? आपल्या शेतकऱ्याला विचारा. नत्र जादा झाला की भाताचं काय होतं? हिरवंगार दिसतं, उंच वाढतं आणि दाणा भरायच्या वेळी लोळतं. झाडाचंही तसंच, फक्त त्याला वीस-तीस वर्षं लागतात. आधी वाढ जोरात. मग बाकीची खनिजं अपुरी पडतात. सुया पिवळ्या होतात. मुळांबरोबर राहणाऱ्या बुरशा कमी होतात, कारण नत्र आयता मिळाल्यावर झाड त्यांना पोसत नाही. जमिनीला नत्र पेलेनासा झाला की तो नायट्रेट होऊन झऱ्यात उतरतो. अमेरिकेतल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८पासून लाल पाइनच्या एका तुकड्याला मुद्दाम दरवर्षी हेक्टरी १५० किलो नत्र देऊन पाहिला. झाडं वाढायची तर राहोच, मोठ्या संख्येनं मेली.

नेदरलँड्समध्ये तर हा प्रयोग कुणी न ठरवताच झाला. पेल नावाचा भाग डुकरांच्या गोठ्यांनी भरलेला. मधूनमधून पाइनची रानं. इसेलस्टाइन आणि स्पेल्ड या दोन ठिकाणी झाडांखाली हेक्टरी ४० ते ६० किलोच्या घरात नत्र उतरताना सापडला. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८९च्या सुमारास एक विलक्षण गोष्ट केली. झाडांच्या फांद्यांखाली, जमिनीच्या वर, पारदर्शक छप्पर घातलं. मळलेलं पाणी छपरावरून बाहेर काढलं आणि तेवढंच स्वच्छ पाणी खाली शिंपडलं. जमिनीतून झिरपणारं नायट्रेट थोड्याच काळात उतरलं. रोग आकाशातून आला होता हे त्या छपरानं दाखवून दिलं.

पुढचं आपल्यासारख्या लोकांनी जास्त ध्यानात घ्यावं असं आहे. या आकड्यांवरून कायदे झाले. युरोपात कोणतं रान किती नत्र सोसेल याच्या मर्यादा ठरल्या. बहुतेक सूचिपर्णी रानांसाठी त्या हेक्टरी ५ ते १५ किलोच्या दरम्यान आहेत. २९ मे २०१९ रोजी तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानं सरकारची नत्राबाबतची परवाना योजना रद्द केली. घरं, रस्ते, गोठे, सगळ्यांची कामं अडली. ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगच्या रस्त्यावर उतरले. आणि त्यांचा एक सवाल असा होता: आमच्या गोठ्यामुळे अमुक रानावर इतका नत्र पडतो हे तुम्ही मोजलंत की गणकयंत्रावर मांडलंत? लेन होर्डाइक यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०२०च्या जून महिन्यात उत्तर दिलं. देशपातळीवर पद्धत चांगली आहे. पण एकेका ठिकाणचा आकडा सांगण्याइतकी ती बारीक नाही, मोजमाप वाढवा. म्हणजे जगातलं सगळ्यात दाट मोजमाप असलेल्या देशांपैकी एका देशालाही, शेतकऱ्याच्या पोटावर आकडा आला तेव्हा, बाटल्या कमी पडल्या. शेतकऱ्यांची बाजू मला सगळी पटत नाही. तो सवाल मात्र रास्त होता.

आता घरी येऊ. भारतात हे काम नवं नाही. सरकारी कृषि-रसायनज्ञ जे. वॉल्टर लेदर यांनी डेहराडून आणि कानपूर इथल्या पावसातला नत्र मोजून १९०६ साली त्यावर पुस्तिका काढली. १९७०च्या दशकापासून हवामान खात्यानं देशभर दहा ठिकाणी पावसाचं रसायन तपासायला सुरुवात केली. त्यात आपलं पुणं आहे, नागपूर आहे, कोडईकनालही आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत, पाषाणच्या त्या संस्थेत, एल. टी. खेमाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे बरंच काम केलं. त्यांनी दाखवलं की आपल्या बहुतेक पावसात मातीची चुनखडी धूळ इतकी असते, की युरोपसारखा तो आंबट होत नाही. धूळ आम्लाला मारते. हे एका अर्थी नशीब. पण त्यामुळे एक गैरसमजही रुजला, की पाऊस आंबट नाही म्हणजे पावसाचं काही बिघडलेलं नाही. चुना आम्ल मारतो, नत्र मारत नाही. तो जिथल्या तिथं असतो. त्या दहा ठाण्यांच्या अनेक दशकांच्या नोंदींत पावसाचा सामू उतरत आणि नायट्रेट चढत गेलेलं दिसतं.

याच संस्थेच्या मंडळींनी केरळातल्या सायलेंट व्हॅलीत उघड्यावरचा पाऊस आणि झाडांखालचा पाऊस असे दोन्ही धरून तपासले. तो निबंध १९९५ साली आला. झाडं सूचिपर्णी नव्हती, रुंद पानांची सदाहरित होती. म्हणजे आमच्या घाटातल्या झाडांची भावंडंच. तेव्हा पद्धत आपल्या हवेत चालते, आपल्या माणसांनी ती चालवली आहे, हे सिद्ध आहे.

आमच्या पश्चिमेला काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला; वर चंदगड, तिलारी, आंबोली. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, तेव्हा या रानांना तुलनेनं धुतलेली हवा मिळते. पण दिवाळीनंतर वारा फिरतो. पूर्वेचा वारा सुटला की पठारावरची हवा घाटाकडे सरकते: निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या हमरस्त्याचा धूर, भट्ट्यांचा धूर, युरिया टाकलेल्या उसाच्या फडांवरचा अमोनिया. चार-पाच महिने पाऊस नाही. सगळं पानांवर साचत राहतं. सूचिपर्णी रानात हिवाळ्यात जे घडतं तेच सदाहरित रानातही घडणार. पान गळत नाही, गाळणी उघडी असते. शिवाय सलग रान कमी होऊन तुकडे वाढले की कड वाढते. उसाच्या फडाची कडेची ओळ जोमदार असते हे आपण पाहतो. रानाच्या कडेच्या झाडांवरही आतल्या झाडांहून जास्त नत्र बसतो, युरोपात तो मोजला गेला आहे.

यात पहिला बळी कुणाचा जातो? झाडांचा नव्हे. दगडफुलाचा. तेच ते, आपल्या काळ्या मसाल्यात पडतं, रविवार पेठेत वाण्याकडे मिळतं. ते ना दगड, ना फूल. बुरशी आणि शेवाळ यांनी मिळून मांडलेला तो संसार आहे. त्याला मुळं नाहीत. जे काही खायचं-प्यायचं ते सगळं पावसातून, दवातून, धुक्यातून. हवा बिघडली की त्याला लपायला जागा नसते. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत दगडफुलांच्या जाती कमी होताहेत हे विल्यम नायलँडर यांनी १८६६ सालीच टिपलं होतं. आज काही नाजूक जाती हेक्टरी ३ ते ५ किलो नत्रालाच माघार घेऊ लागतात, आणि त्यांच्या जागी नत्र आवडणाऱ्या पिवळट जाती येतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत, म्हणजे जुन्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतल्या दगडफुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, नमुने जपून ठेवले. कुठे काय होतं याची ती खतावणी आहे. आज कणकुंबीच्या झाडावर काय आहे ते त्या खतावणीशी ताडून बघता येईल. मग मात्र सोबत आकडा हवा, नाहीतर 'पूर्वी जास्त होतं हो' यापलीकडे बोलणं जात नाही.

म्हणून आजच्या सभेपुढे मी एक सूचना ठेवतो. आपल्या भागात विज्ञान शिकवणाऱ्या शाळा-महाविद्यालयांची कमी नाही. तीन जागा पुरेत. एक अनगोळात एखाद्या शाळेच्या गच्चीवर, उघड्यावर. दुसरी जांबोटीच्या पुढे रानाच्या कडेला. तिसरी कणकुंबीकडे आत, एखाद्या देवराईत, ग्रामस्थांना विचारून. उघड्यावर तीन नरसाळी, झाडांखाली प्रत्येकी वीस. जमिनीपासून मीटरभर उंच, म्हणजे माती उडून आत जात नाही. नरसाळं केवढं घ्यायचं याचा हिशेब आधी करा. वीस सेंटिमीटर तोंडाच्या नरसाळ्यात एक मिलिमीटर पावसाला एकतीस मिलिलिटर पाणी जमतं. अनगोळला ते चालेल. कणकुंबीला आषाढात आठवड्याला ५०० मिलिमीटर पडला, तर त्याच नरसाळ्याखालचा पाच लिटरचा डबा तीनदा भरून वाहील आणि ती नोंद वाया. तिथं दहा सेंटिमीटरचं नरसाळं घ्या. चार लिटरच्या आत राहील. जी देवराई आठवड्याला गाठणं जमणार नाही तिथं मण्यांची नळी.

डबा काळा, तोंडावर जाळी, वर पक्ष्यांसाठी तारेचं कडं, आत ओव्याच्या फुलांचा एक खडा. पाणी मोजून घ्यायचं, लहान बाटलीत भरायचं, बाटलीवर तारीख आणि जागा, आणि लगेच बर्फात. प्रत्येक खेपेला एका डब्यात नुसतं शुद्ध पाणी घालून तेही तसंच न्यायचं-आणायचं, म्हणजे आपल्या हातानं काय मिसळलं ते कळतं. हे करायला डॉक्टरेट लागत नाही. लागते ती रविवारी सकाळी गाडी काढणारी, नोंदवही न चुकवणारी मुलं. आणि एका वर्षावर थांबायचं नाही. एक वर्ष म्हणजे एक पाऊस. निदान पाच.

डबे केव्हा मांडायचे, हे सांगून थांबतो. पुष्कळांना वाटेल मृग लागल्यावर. नाही. चार महिने पानांवर साचलेलं सगळं पहिला वळीव धुऊन खाली आणतो. वर्षातलं सगळ्यात दाट पाणी त्या एका संध्याकाळचं असतं. ते निसटलं तर त्या वर्षाच्या बेरजेला अर्थ उरत नाही. बेळगावचा वळीव पाडव्यानंतर कधीही येतो, पत्र पाठवून येत नाही. तेव्हा डबे होळीच्या आत रानात पोचलेले असावेत.